दोनशे बारा नंबरची कांडी

शेवंताबाई,

पत्राला मायना घालत नाही. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर तुम्ही हसाल, आणि तुमचं बरोबर असेल. तुम्हाला कागलला जाऊन दोन वर्षं झाली. मध्ये तुमचा प्रसेनजीत भाजी मंडईत भेटला. म्हणाला, आईचे गुडघे धरतात, पण नातीला रोज शाळेत सोडायला तीच जाते, कुणाला नेऊ देत नाही. म्हणजे अजून चालताय. बरं वाटलं.

आपल्या गिरणीवर एक पुस्तक निघतंय. 'रविवारची फेरी' यावर माझ्याकडं चार पानं मागितली आहेत. त्यांना काय हवंय ते मला चांगलं माहीत आहे: धुराडं, चिंच, तळ्यावरचे बगळे, खिदळणारी मुलं. ते मी लिहून देणार नाही. तुमची हकिकत लिहिली आहे, आणि छापायला जायच्या आधी तुमच्याकडं पाठवतेय. चुकलं असेल तिथं खूण करा. हकिकतीत मीही आहे, पण पानोपानी 'मी, मी' केलं तर माझंच पुराण व्हायचं. म्हणून तुम्ही हाक मारायचात तसं स्वतःला 'कॉलेजच्या बाई' म्हणते. ऐका आता.

*

कोल्हापुरात गिरणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दुसरीच येते. ही ती नव्हे. ही कागलच्या वाटेवरची धाकटी. धोतरं, चादरी आणि नाडीसारख्या जाड पट्ट्या विणायची. २००३ साली ती बंद पडली तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मग आवारात गवत वाढलं, भोंगा थांबला, आणि आसपासच्या घरांतली घड्याळं आपापल्या मर्जीनं चालू लागली, कारण तोवर सगळी भोंग्यावर लावलेली असत.

शेवंताबाईंनी त्या गिरणीत सव्वीस वर्षं कांड्या भरल्या. कांडी म्हणजे वीतभर लाकडी नळी. तिच्यावर सूत गुंडाळायचं, ती धोट्याच्या पोटात बसवायची, आणि धोटा मागावर इकडून तिकडं पळाला की कापड होतं. कांडी भरताना दोरा तुटतो. तुटला की गाठ मारायची. गाठ मोठी झाली तर कापडाला गुठळी येते, सैल झाली तर मागावर सुटते. चांगली गाठ कापडात दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिचं कुणी कौतुकही करत नाही. शेवंताबाईंची गाठ खात्यात सगळ्यांत चांगली होती. हे त्या स्वतः सांगायच्या, लाजत-बिजत नसत.

"चांगलं ते चांगलं म्हनाय नगं?" म्हणायच्या. "भाकरी थापली तर गोल झाली म्हनतोच की आपन."

१९९७ साली त्यांना गिरणीनं कमी केलं. पुढं कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत त्या भाकऱ्या करायला लागल्या, आणि कॉलेजच्या बाईंची त्यांची ओळख तिथली. बाई निवृत्त झाल्या तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सपाट जागेवर चालायला सांगितलं. सपाट आणि रिक्षा अंगावर न येणारी जागा म्हणजे बंद गिरणीचं आवार, बाईंच्या घरामागचंच. फाटकाशी चिंचेखाली शेवंताबाई बसलेल्या असत. राखणदार ज्ञानू त्यांना जुन्या ओळखीनं आत येऊ द्यायचा.

"ज्ञानू, ह्यास्नी सोड की आत. गुडगं दुकत्यात त्यांचं."

"सायेब बगितलं म्हंजे?"

"सायेब हाय कुटं? गिरण बंद पडली, आता तूच सायेब."

ज्ञानूला ते पटलं. बाई आत आल्या, मागून शेजारच्या घरातली सून बाबागाडी घेऊन आली, तिच्या मागून तिची जाऊ, मग मुलं. २००४ च्या दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी साताला तीसेक माणसं फाटकाशी जमू लागली, आणि सगळ्यांच्या पुढं शेवंताबाई. फेरी कुणी ठरवून काढलीच नाही. शेवंताबाई चालायच्या आणि बोलायच्या, ते ऐकायला लोक मागं लागले.

मात्र तयारी त्यांची चोख असे. शनिवारी दुपारी येऊन त्या वाट झाडायच्या, काचा वेचायच्या, आणि जिथं पाय टाकायचा नाही तिथं फक्कीची पांढरी रेघ ओढायच्या, कबड्डीच्या मैदानावर ओढतात तशी. "रेगंच्या पल्याड गेला तो बाद," एवढाच नियम. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ढकलगाड्यांचे रूळ होते, त्यांच्या कडेची फरशी शाबूत होती. त्यावरून बाबागाडी लोण्यासारखी जायची. फाटकावरून धुराड्याकडं, तिथून तळ्याच्या काठानं कापसाच्या गोदामात, गोदामातून कांडी खात्यात, आणि शेवटी पुन्हा चिंचेखाली. तिथं डबे उघडायचे. कुणाची भडंग, कुणाच्या पुऱ्या. शेवंताबाई वसतिगृहातून भाकरी आणि खर्डा आणायच्या आणि तो खाऊन मुलं हा-हा करत तळ्याकडं पळायची.

डब्याआधी परीक्षा. प्रत्येक मुलानं गाठ मारून दाखवायची. शेवंताबाई आधी सुतळीवर शिकवायच्या, मग जाड दोऱ्यावर, मग खऱ्या सुतावर. दोन टोकं एकमेकांवर, अंगठा दाबून धरायचा, वळसा, ओढ, की झाली. डावखुरी मुलं अडखळायची, कारण त्यांचा वळसा उलटा पडायचा. त्यांना त्या रागवत नसत.

"तुजी ती विठाची गाठ," म्हणायच्या. "विठापन डावकुरी हुती. तिचा पीळ उलटा पडायचा. तुला विठासारकी शिकीवतो."

विठा म्हणजे विठाबाई. फाटकाशेजारच्या टाइम ऑफिसात काचेमागं तिचा फोटो होता. गळ्यात हार, हातात भिंतीवरचं घड्याळ, खाली लिहिलेलं: 'आदर्श कामगार १९९१. कांडी खाते, नंबर ११८. सलग दहा वर्षे एकही तक्रार नाही.' मुलं दर रविवारी विचारायची, ही कोण? शेवंताबाई दर रविवारी तेवढंच उत्तर द्यायच्या.

"माजी मैत्रीन. नेसरीची. आता तिकडंच लेकाकडं असती."

आणि पुढं चालू लागायच्या. चालण्याचा वेग वाढायचा. कॉलेजच्या बाईंच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. चौकशी करणं म्हणजे नाक खुपसणं, असं त्यांना वाटायचं. हा त्यांचा एक सोयीचा समज होता.

*

डिसेंबर २००६ मधला रविवार. कांडी खात्याच्या माळ्यावर जुन्या पेट्या होत्या. ज्ञानूनं त्या मुलांना खेळायला खाली काढून ठेवल्या. प्रत्येक पेटीत भरलेल्या कांड्या, आणि वर पुठ्ठ्याची चिठ्ठी, कांडी भरणारणीचा नंबर लिहिलेली. तक्रार आली की चिठ्ठी बघून कुणाला बोलायचं ते ठरायचं.

क्रांती नावाची एक मुलगी होती, नऊ वर्षांची, गाठीत एकदम पक्की. तिचे वडील धैर्यशील, गावात त्यांचं मोठं दुकान, फेरीला कायम हजर. गिरणीच्या आवारात शिरायची रीतसर परवानगी त्यांनीच खटपट करून मिळवली होती. त्यांचे वडील याच गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते. क्रांतीनं बाईंचं वाचायचं भिंग मागून घेतलं आणि पेटीतली एक कांडी उलगडत बसली. मग दुसरी. मग दुसऱ्या पेटीतली.

"आज्जी, चिठ्ठ्या चुकल्यात."

"कुटल्या गं?"

"ही पेटी एकशे अठराची आहे. विठाआज्जींची. पण गाठी सुलट्या आहेत. आणि ह्या पेटीत दोनशे बारा लिहिलंय, तर सगळ्या उलट्या. दोनशे बारा कोण?"

शेवंताबाई तिथंच एका रिकाम्या पेटीवर बसल्या. भिंग घेतलं, पण डोळ्याला लावलं नाही.

"दोनशे बारा मी," म्हणाल्या. "पंधरा वर्सं झाली ही गाठ मारून. कुनी वळकली न्हाई. तू वळाकलीस."

मग त्यांनी सांगितलं. मुलं समोर फरशीवर बसली होती, मोठी माणसं मागं उभी, आणि त्या फार आवाज न चढवता बोलत होत्या.

१९७१ साली त्या गिरणीत लागल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या. तिसऱ्या महिन्यात साचे खात्यातून त्यांच्या पेट्या परत यायला लागल्या. एकाही कांडीला हात लागलेला नसे. चिठ्ठीवर शेरा: दोरा कच्चा. बाळासो म्हणून जॉबर होता, खात्यावरचा मुकादम. त्यानं बाजूला घेऊन सांगितलं. कांडी धोट्यात बसवली की दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. त्याला हूक असायचा, पण हुकानं वेळ जातो. साचेवाले भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचे, की दोरा बाहेर. म्हणजे कांडीचा दोरा तोंडात जायचा. दोनशे बारा नंबर कुठल्या वस्तीतला हे सगळ्यांना माहीत होतं. शेवंताबाईंच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली होती, पण साचेवाल्यांच्या हिशेबी त्यानं काही फरक पडलेला नव्हता.

"दोरा चांगला हाय, मला दिसतंय," बाळासो म्हणाला. "पर ती तोंड लावनार न्हाईत. तुज्या पेट्या आजपास्नं पट्टीला जातील."

पट्टीच्या यंत्राला तोंड लावावं लागत नसे. तिथं जाडीभरडी गाठही चालायची. शेवंताबाईंचं बारीक काम नाड्यांत जाऊ लागलं. त्या दिवशी त्या शेजारच्या यंत्रावरच्या विठाबाईजवळ रडल्या. विठाबाई हिंदू शेतकऱ्याच्या घरची, मोठ्या मनाची, आणि कामात अगदीच कच्ची. तिच्या गाठी सुटायच्या, तक्रारी यायच्या, तिला काढायची बोलणी चालू होती.

"शेवंते, खुळी हैस काय," विठाबाई म्हणाली. "तुज्या पेटीत माजी चिठ्ठी घाल, माज्या पेटीत तुजी. तुजं सूत धोतरावर चडंल, माजं जाईल पट्टीला. कुनाच्या बाला कळतंय?"

बाळासोला कळलं होतं. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं, कारण साचे खात्याला चांगल्या कांड्या हव्या होत्या.

"मला तवा एवडंच पायजे हुतं," शेवंताबाई मुलांना म्हणाल्या, "माजं सूत कापडावर चडावं. नंबर कुनाचा का असंना. तिथं मी चुकलो."

वीस वर्षं ते चाललं. पट्टीचं खातं कुरकुरं, गाठी सुटल्या की तक्रार करायचं, आणि तक्रार दोनशे बारावर चढायची. ११८ वर एक डाग नाही. १९९१ साली गिरणीनं विठाबाईला आदर्श कामगार ठरवलं. आदल्या संध्याकाळी विठाबाई शेवंताबाईंच्या घरी आली होती, चहा घेतला होता. म्हणाली होती, उद्या माईकवर सांगतो, तुजं नाव घेतो, दोघी जाऊ वर. शेवंताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या. विठाबाईच्या गळ्यात हार पडला, हातात घड्याळ आलं, माईक पुढं आला. "समदी अंबाबाईची किरपा," विठाबाई म्हणाली आणि खाली उतरली.

"जीबच चिकाटली गं," नंतर म्हणाली. "घड्याळ तू ने."

घड्याळ शेवंताबाईंनी नेलं नाही. बोलणं सोडलं, तेही नाही. एका डब्यात जेवत होत्या त्या जेवतच राहिल्या, आणि चिठ्ठ्याही बदलतच राहिल्या. मग १९९७ साली कामगार कमी करायची यादी लागली, तक्रारी मोजून. कांडी खात्यात पहिलं नाव दोनशे बारा. शेवंताबाई विठाबाईकडं गेल्या.

"आता तरी सांग, विठे."

विठाबाईनं पदर डोळ्याला लावला. "सांगितलं तर दोगी जाऊ. दोगी जान्यापरास एक ऱ्हाइलेली बरी न्हवं?"

"एक कंची ते तूच ठरीवलंस व्हय?"



*

मागं उभ्या माणसांत कुणीतरी खोकलं. धैर्यशील पुढं आले. तोंड लाल झालेलं.

"मावशी, पोरं हाईत इथं. रविवारी घटकाभर फिरायला येतोय आम्ही. हे जातीपातीचं कशाला उकरून काढताय?"

"पोरीनंच इचारलं की."

"माझे वडील साचे खात्यात होते. माझ्या मुलीसमोर तुम्ही त्यांना नावं ठेवताय."

"कुटं नावं ठेवली? द्येवमानूस हुता तुमचा बा. माज्या कांडीचा दोरा वीस वर्सं तोंडात घेतला त्यांनी. काय झालं त्यास्नी? नव्वदीपतूर ठनठनीत जगले की!"

माणसं हसली. ज्ञानू तर भिंतीला टेकून हसला. धैर्यशील हसले नाहीत. त्यांनी क्रांतीचा हात धरला आणि डबा न उघडताच गेले.

कॉलेजच्या बाई त्या दिवशी शेवंताबाईंबरोबर फाटकापर्यंत चालत आल्या. फेरीच्या वाटेवर माहितीचे फलक लावायचं ठरलं होतं आणि मजकूर लिहायचं काम बाईंकडं होतं.

"कांडी खात्याच्या फलकावर हे सगळं जाईल," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव, तुमचा नंबर. मी लिहिते."

"खरं?"

"मी उगीच बोलत नाही."

आणि त्यांनी लिहिलंही. पुढच्या आठवड्यात शेवंताबाईंना चिंचेखाली वाचून दाखवलं. 'शेवंताबाई, नंबर २१२. यांच्या कांड्या पंचवीस वर्षे दुसऱ्याच्या चिठ्ठीने मागावर चढल्या, कारण...' शेवंताबाईंनी तो कागद दोनदा वाचायला लावला. मग स्वतः घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून, ओठ हलवत वाचला.

"बाळासोचं नाव घालू नगा," म्हणाल्या. "त्याची पोरं हाईत. बाकी बराबर हाय."

त्यांना घड्याळ नको होतं, हार नको होता. गिरणीतली नोकरी तर केव्हाच गेली होती. भिंतीवर दोनशे बारा हा आकडा खऱ्या कामासमोर लिहिलेला बघायचा, एवढंच राहिलं होतं. जानेवारीभर त्या येईल त्याला सांगत होत्या. वसतिगृहातल्या मुलींना, भाजीवालीला, कागलला लेकाला फोन करून. "सव्वीस जानेवारीला यायचंच. सुनंला घिऊन ये."

इकडं फलकांसाठी नेमलेल्या समितीची बैठक झाली. फाटकाची परवानगी धैर्यशील यांच्या नावावर. ते म्हणाले, लहान मुलांना घेऊन लोक येतात, जागा आनंदाची असू दे, नाहीतर मी परवानगी परत करतो. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. बाईंनी अर्धा तास भांडण केलं. अर्ध्या तासानं त्यांना वाटलं, फेरी बंद पडण्यापेक्षा एक परिच्छेद गेलेला बरा. पुढं पुस्तिका काढू, तिच्यात सविस्तर घालू. दोघी जाण्यापेक्षा एक राहिलेली बरी, हे विठाबाईचं गणित अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेनं जसंच्या तसं सोडवलं, आणि तेव्हा त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. शेवंताबाईंना आधी सांगायला हवं होतं. बाई रोज ठरवायच्या, उद्या सांगू. चार 'उद्या' झाले आणि सव्वीस तारीख उजाडली.

शेवंताबाई पांढऱ्या साडीत आल्या. प्रसेनजीत, सून, नात. झेंडावंदन झालं, फलकावरचं कापड ओढलं. वर मोठा फोटो, हार घातलेल्या विठाबाईचा, कारण कांडी खात्यातल्या बाईचा सबंध गिरणीत तो एकच फोटो होता. खाली: 'येथील स्त्री कामगार गाठ मारण्यात अत्यंत निपुण होत्या. श्रीमती विठाबाई, नंबर ११८, यांच्या कांड्यांविरुद्ध सलग दहा वर्षे एकही तक्रार आली नाही.'

टाळ्या पडल्या. शेवंताबाई पुढं झाल्या. फलकावर बोट ठेवून त्यांनी एकेक शब्द वाचला, शेवटपर्यंत, मग पुन्हा वरून. बोट खालच्या कोपऱ्यात आलं तिथं काही नव्हतं, तरी ते थोडा वेळ तिथंच राहिलं.

क्रांती वडिलांचा हात सोडून आली. "आज्जी, नंबर चुकलाय."

"न्हाई बाळ. काम माजं हाय, चिठ्ठी दुसऱ्याची हाय. हितली रीतच हाय ती."

मग त्यांनी बाईंकडं बघितलं. बाई काहीतरी पुस्तिकेबद्दल बोलायला लागल्या.

"ऱ्हाऊ द्या वो बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "विठा निदान गप बसली. तुमी तर छापून लावलासा."

नातीचा हात धरून त्या निघाल्या. नेहमीच्याच वाटेनं, फक्कीच्या रेघेच्या आतून. आदल्या दिवशी ती रेघ त्यांनीच ओढली होती.

*

त्यानंतर त्या फेरीला आल्या नाहीत. फेरी चालू राहिली, परवानगीसकट. वाट सांगायला कुणी नाही म्हणून लोक फलक वाचत चालायचे. गाठ शिकवायला कुणी नव्हतं. क्रांतीनं दोन रविवार प्रयत्न केला, मग तीही येईनाशी झाली.

फेब्रुवारीत शेवंताबाई बाईंच्या घरी आल्या. आत आल्या नाहीत, व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या. पदराच्या गाठीतून एक कांडी काढली. सूत पिवळं पडलेलं, नळीच्या भोकात गुंडाळून सारलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. २१२.

"ही शेवटच्या पाळीची. सत्त्यानव सालची. चिठ्ठ्या बदलल्यापास्नं एवडीच माज्या नावानं भरली. ही घ्या आन नेसरीला जावा. विठाला द्या. म्हनावं, गाठ बग. तिनं एवडंच म्हनायचं, 'व्हय, शेवंताची हाय.' तुमच्यासमोर म्हनू दे. मग तो बोर्ड ऱ्हाऊ दे तसाच, माजं काय म्हननं न्हाई."

"तुम्हीच का जात नाही? मी गाडी करून देते."

"मी गेलो तर ती च्या करंल, रडंल, आन मीच तिची समजूत घालून माघारी यीन. धा येळा असंच झालंय. तुमी शिकलेल्या. तुमच्यापुडं ती रडायची न्हाई. आन बाई, तुमच्याकडनंपन एक काम ऱ्हायलंय न्हवं माजं?"

"जाईन," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात जाते."

शेवंताबाई उठल्या. खानावळ सोडल्याचं, लेकाकडं कागलला राहायला चालल्याचं त्यांनी पायरीवरून सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

पुढच्या आठवड्यात बाईंचं पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहुणे. मार्चमध्ये पेपर तपासायला बोलावलं. कारणं सगळी खरी होती, शोधायची गरजच पडली नाही.

मे महिन्यात गडहिंग्लजला लग्न निघालं, बाईंच्या मावसभावाच्या मुलीचं. भाड्याची गाडी केली. निघतानाच ड्रायव्हरला सांगितलं, येताना नेसरीला जायचंय, तासाभराचं काम आहे. कांडी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. अक्षता पडल्या, पंगत झाली, मठ्ठा दोनदा घेतला. कार्यालयाच्या दारात गाडीत बसताना बाईंनी पर्समध्ये हात घातला, आणि विठाबाईला पहिलं वाक्य काय म्हणायचं ते जुळवू लागल्या. तुम्ही पंचवीस वर्षं गप्प का बसलात, हे तिला विचारायचं. तिनं उलट विचारलं, बाई, तो बोर्ड कुणी लिहिला, तर?

"नेसरीला घिऊ न्हवं?" ड्रायव्हर म्हणाला.

"नको. उशीर झालाय. पुढच्या खेपेला."

"उशीर कुटला वो? ईस किलोमीटर बी न्हाई."

"घरी घे म्हटलं ना."

पुढच्या वर्षी श्रावणात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी होती: नेसरीच्या विठाबाई, आदर्श कामगार पुरस्काराच्या मानकरी, यांचे वृद्धापकाळाने निधन. शेजारी फोटो, तोच, हार घातलेला.

शेवंताबाई, ती बातमी कागललाही पोचली असेल. तुम्ही काही विचारलं नाहीत. कांडी अजून त्याच पर्समध्ये आहे, चिठ्ठीसकट, त्याच रुमालात. आणि ड्रायव्हरनं विचारलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, उन्हाळ्याचे दिवस, अंधार पडायला चांगले चार तास होते.